आयर्न, पेरॉक्साइड आणि टेरी कॉलिन्स यांचे टॅमल कॅटॅलिस्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टेरी कॉलिन्स हे अमेरिकेत पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन युनिव्हर्सिटीतले केमिस्ट्रीचे प्रोफेसर, मूळचे न्यूझीलंडचे. चाळीसेक वर्षं ते एकाच कामामागे आहेत. सजीवांमधली एन्झाइम्स साध्या आयर्नवर जे ऑक्सिडेशन करतात ते आपण बाटलीत, पाण्यात, रूम टेंपरेचरला का करू नये? या कामाचा एक मोठा धागा पुण्याच्या एनसीएलमध्येही (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) विणला गेलाय, त्याबद्दल पुढे लिहिलंय. केमिस्ट्रीचे विद्यार्थी, शिक्षक आणि इंडस्ट्रीतली मंडळी जे प्रश्न परत परत विचारतात ते इथे एकत्र केलेत. उत्तरं सारख्या लांबीची नाहीत, जिथे सांगण्यासारखं जास्त आहे तिथे जास्त लिहिलंय.

हे काम नक्की काय आहे, दोन वाक्यांत सांगाल का?

हायड्रोजन पेरॉक्साइड हा स्वस्त ऑक्सिडंट आहे आणि वापरून झाल्यावर त्याचं पाणी होतं, पण एकटा असला की तो बराच आळशी असतो. कॉलिन्स यांनी आयर्नभोवती असा एक छोटा रेणू बांधला की तो पेरॉक्साइडला कामाला लावतो, तेही अगदी थोड्या प्रमाणात, मायक्रोमोलर किंवा त्याहूनही कमी, आणि त्या रेणूच्या बाहेरच्या भागात जवळपास फक्त कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन आणि ऑक्सिजन आहे. त्यालाच टॅमल म्हणतात, म्हणजे टेट्रा-अमिडो मॅक्रोसायक्लिक लिगँड: चार अमाइड असलेली मोठी रिंग. मेटलला भोवतून धरून ठेवणाऱ्या रेणूला लिगँड म्हणतात.

बायो-इन्स्पायर्ड म्हणजे एन्झाइमची कॉपी का?

कॉपी नाही. एन्झाइममधलं जे कामाचं आहे तेवढं घ्यायचं आणि बाकीचं सोडायचं.

उदाहरण घ्या. आपण कॉफी पितो, त्यातलं कॅफिन लिव्हरमध्ये जातं आणि तिथे पी४५० कुटुंबातलं एक एन्झाइम त्याचा मिथाइल ग्रुप काढतं. या एन्झाइमच्या पोटात हीम असतो, हीमच्या मध्यभागी एकच आयर्नचा अणू, आणि तो ऑक्सिजन घेऊन काही क्षणांसाठी इतका तिखट होतो की एरवी कशालाही दाद न देणारा कार्बन-हायड्रोजन बाँडसुद्धा तोडतो. त्या तिखट अवस्थेला कंपाउंड वन म्हणतात आणि पी४५० मधली ती अवस्था नीट पकडून मोजायला २०१० साल उजाडावं लागलं, यावरून ती किती क्षणभंगुर असते ते कळतं. पेरॉक्सिडेज नावाची एन्झाइम्स हेच काम पेरॉक्साइड घेऊन करतात. त्यातलं लॅबमध्ये सगळ्यात जास्त वापरलं जाणारं हॉर्सरॅडिश नावाच्या झाडाच्या मुळातून काढतात. त्याचं वजन सुमारे ४४,००० डाल्टन, टॅमलचं साधारण ५००, म्हणजे टॅमल त्याच्या एक-सव्वा टक्काच भरतो.

तर घ्यायचं काय? मध्ये आयर्न, भोवती चार नायट्रोजन, ऑक्सिडंट येऊन बसायला मोकळी जागा आणि आयर्नला वरच्या ऑक्सिडेशन स्टेटमध्ये सांभाळून धरणारा इलेक्ट्रॉन-समृद्ध लिगँड. प्रोटीनचा एवढा मोठा पसारा घ्यायचा नाही. हीममध्ये पोर्फिरिन असतं, टॅमलमध्ये त्याच्या जागी चार अमाइड नायट्रोजन आहेत, चारही प्रोटॉन काढून टाकलेले, त्यामुळे ते आयर्नला भरपूर इलेक्ट्रॉन देतात. हिऱ्याला कोंदण असतं तसं हे आयर्नचं कोंदण आहे आणि कॉलिन्स यांची जवळपास सगळी कल्पकता त्या कोंदणात खर्च झालीय.

मग सरळ एन्झाइमच का वापरत नाहीत?

वापरतात की. १९५२ मध्ये अपजॉन कंपनीच्या पीटरसन आणि मरे यांनी ऱ्हायझोपस बुरशीकडून प्रोजेस्टेरॉनवर नेमक्या ११ नंबरच्या कार्बनवर ऑक्सिजन बसवून घेतला आणि त्यामुळे कॉर्टिसोनचं उत्पादन आवाक्यात आलं. जिथे एन्झाइम चालतं तिथे ते वापरावंच. फ्रान्सेस आर्नॉल्ड यांना २०१८ चं नोबेल एन्झाइम्स हव्या त्या कामासाठी घडवण्याबद्दलच मिळालं.

अडचण अशी की पी४५० ला सोबत इलेक्ट्रॉन देणारा एनएडीपीएच हा रेणू लागतो, ते इलेक्ट्रॉन पोचवणारं दुसरं प्रोटीन लागतं, गरम किंवा तीव्र अल्कली झालं की ते उलगडून निकामी होतं, सॉल्व्हंट बदलला तरी कुरकुर करतं, आणि एक एन्झाइम बहुतेक वेळा ठरावीक आकाराचेच रेणू आत घेतं. कारखान्याच्या सांडपाण्यात वीस प्रकारचे रेणू एकत्र असतात, तिथे त्याचं काही खरं नाही. छोटा सिंथेटिक रेणू तिथे टिकू शकतो.

आयर्नच का? पॅलेडियम, रुथेनियम यांचे कॅटॅलिस्ट तर जास्त चांगले चालतात ना?

बऱ्याच रिअ‍ॅक्शनमध्ये चालतात, त्यात वाद नाही. पण पॅलेडियम महाग आहे, थोड्याच ठिकाणी मिळतं आणि औषधात राहिलं तर त्याची मर्यादा पाळावी लागते. तोंडावाटे घ्यायच्या औषधांसाठी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत ती दिवसाला १०० मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे रिअ‍ॅक्शन झाल्यावर पॅलेडियम काढत बसायचं हे एक वेगळंच काम होऊन बसतं. आयर्न आपल्या रक्तातच आहे आणि मातीतही भरपूर.

आणि इथे तुलना खरं तर पॅलेडियमशी कमी आणि क्रोमियमशी जास्त आहे. कॉलेजच्या लॅबमध्ये अल्कोहोलचं ऑक्सिडेशन शिकवतात ते आठवा, क्रोमियम ट्रायऑक्साइड, जोन्स रिएजंट, नारिंगीचं हिरवं होतं ते. तो हिरवा क्रोमियम शेवटी कुठे जातो हे प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये कधीच लिहायला लावत नाहीत. पोटॅशियम परमँगनेट वापरलं तर तपकिरी मँगनीज डायऑक्साइडचा चिखल उरतो. पेरॉक्साइडच्या ३४ ग्रॅममधले १६ ग्रॅम कामाचा ऑक्सिजन असतो आणि उरलेले १८ ग्रॅम पाणी. एवढा साधा हिशोब दुसऱ्या फार थोड्या ऑक्सिडंटचा आहे.

टॅमल बनवायला पंधरा वर्षं का लागली?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे असं मला वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

कॉलिन्स यांनी हे काम १९८० च्या सुमारास कॅल्टेकमध्ये सुरू केलं, पुढे ते कार्नेगी मेलनला गेले आणि पेरॉक्साइडसोबत खरोखर कामाचा म्हणावा असा आयर्न-टॅमल १९९५ च्या आसपास हाताला लागला. मधल्या काळात काय चाललं होतं? तर लिगँड मरत होते. तुम्ही जो रेणू इतका तिखट बनवता की तो दुसऱ्याचा कार्बन-हायड्रोजन बाँड तोडेल, तो सगळ्यात आधी शेजारचा बाँड तोडतो आणि शेजारी कोण असतं तर त्याचाच स्वतःचा लिगँड. म्हणजे कॅटॅलिस्ट स्वतःला जाळतो. बायो-इन्स्पायर्ड ऑक्सिडेशनमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाने हे सोसलंय. पोर्फिरिन वापरणाऱ्यांनीही सोसलं, १९७९ मध्ये जॉन ग्रोव्ह्ज यांच्या ग्रुपने साध्या आयर्न पोर्फिरिनने आयोडोसिलबेंझीन वापरून ऑक्सिजन बसवून दाखवला तेव्हाही पोर्फिरिन ऑक्सिडाइज होऊन वाया जात होतंच.

कॉलिन्स यांनी यावर जी पद्धत धरली ती ऐकायला साधी आहे पण पाळायला फार चिकाटी लागते. लिगँड बनवायचा, मेटल घालायचं, ऑक्सिडंट टाकायचा, तो मोडू द्यायचा. मग मोडलेले तुकडे वेगळे काढून बघायचं की नेमका कुठला बाँड आधी गेला. तोच बाँड पुढच्या डिझाइनमध्ये बदलायचा, बाकी सगळं तसंच ठेवायचं. परत मोडू द्यायचं. सुरुवातीच्या लिगँडमध्ये दोन नायट्रोजन जोडणारा साधा दोन कार्बनचा पूल होता, तो ऑक्सिडाइज व्हायचा, म्हणून तिथे बेंझीन रिंग आली. लिगँडच्या मोठ्या रिंगच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे शेपटीत, दोन इथाइल ग्रुप होते, त्यांचे हायड्रोजन खेचले जात होते, म्हणून तिथे मिथाइल आले, कारण मिथाइलचा हायड्रोजन काढणं जास्त कठीण. मग तिथेही अजून टिकाऊपणा हवा म्हणून फ्लोरीन आलं. एकेका बदलामागे महिनोन्‌महिने सिंथेसिस आणि प्रत्येक वेळी मोडलेला रेणू हाच पुढचा शिक्षक. असं काम ग्रँटच्या तीन वर्षांच्या चौकटीत बसत नाही आणि तरी ते झालं याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

पण कॅटॅलिस्ट कायमचा टिकायला हवा असं पुस्तकात लिहिलेलं असतं ना?

पुस्तकात रिअ‍ॅक्शनच्या शेवटी कॅटॅलिस्ट जसाच्या तसा मिळतो असं लिहितात. प्रत्यक्षात प्रत्येक कॅटॅलिस्ट कधी ना कधी मरतो. कॉलिन्स आणि त्यांचे सहकारी अलेक्झांडर रायाबोव्ह यांनी हे आकड्यांत मांडलं, तीन रेट कॉन्स्टंट: एक पेरॉक्साइड येऊन कॅटॅलिस्ट तिखट होण्याचा, दुसरा त्या तिखट रूपाने समोरचा रेणू ऑक्सिडाइज करण्याचा आणि तिसरा त्या तिखट रूपाने स्वतःचा नाश करून घेण्याचा. चांगला कॅटॅलिस्ट म्हणजे पहिले दोन मोठे आणि तिसरा लहान.

पण जरा थांबा, नदीत सोडायच्या पाण्यात वापरायचा असेल तर तिसरा शून्य असलेलाही नको. काम झालं की काही तासांत मोडून जाणारा रेणू हवा, नाहीतर तोच उद्याचा प्रदूषक. किती वेळ जगावं हे ठरवून बनवलेला कॅटॅलिस्ट ही कल्पना मला या सगळ्या कामातली सगळ्यात शहाणी वाटते.

फेंटन रिअ‍ॅक्शनमध्येही आयर्न आणि पेरॉक्साइडच असतं, मग नवीन काय?

फेंटन १८९४ पासून माहीत आहे आणि सांडपाण्याच्या ट्रीटमेंटमध्ये आजही वापरतात. त्यात आयर्नचा साधा क्षार पेरॉक्साइड फोडून हायड्रॉक्सिल रॅडिकल बनवतो. हा रॅडिकल समोर येईल त्याला धरतो, निवड वगैरे काही नाही. शिवाय पाणी चांगलंच आम्लधर्मी करावं लागतं, पीएच ३ च्या आसपास, आणि नंतर न्यूट्रल केलं की आयर्नचा गाळ बसतो, तो उचलून कुठेतरी टाकावा लागतो.

टॅमलमध्ये आयर्न कोंदणात धरलेलं असतं, गाळ होऊन बाहेर पडत नाही, मात्राही फार कमी लागते, आणि काम मुख्यतः आयर्न-ऑक्सो रूप करतं, मोकाट रॅडिकल नाही. सिंथेसिससाठी हाच फरक सगळ्यात मोठा आहे कारण मोकाट रॅडिकलकडून तुम्हाला हवा तोच प्रॉडक्ट कधीच मिळणार नाही.

एक साधं टेस्ट असतं, बहुतेक पेपरमध्ये दिसेल. ऑरेंज टू नावाच्या डायचं भगव्या रंगाचं पाणी क्युव्हेटमध्ये घ्यायचं, पेरॉक्साइड घालायचं, काहीच होत नाही, रंग तसाच. मग टॅमलच्या अगदी फिकट द्रावणाचे काही मायक्रोलिटर टाकायचे आणि स्पेक्ट्रोफोटोमीटरच्या स्क्रीनवर रेघ खाली उतरायला लागते, काही मिनिटांत पाणी जवळजवळ स्वच्छ. त्या उतरत्या रेघेच्या आकारातूनच वर सांगितलेले रेट कॉन्स्टंट काढतात. रेघ मध्येच आडवी झाली आणि रंग शिल्लक राहिला, तर समजायचं कॅटॅलिस्ट मेला.

आयर्न पाच म्हणजे काय, एवढं कौतुक कशाचं?

शाळेत आपण फेरस आणि फेरिक शिकतो, म्हणजे दोन आणि तीन. चार म्हणजे विशेष आणि पाच तर सजीवांत असावा असा अंदाज होता पण हातात कुणाच्या येत नव्हता. २००७ मध्ये कार्नेगी मेलनच्या टीमने आयर्न-टॅमलचं नारिंगी द्रावण ब्युटिरोनायट्राइल नावाच्या सॉल्व्हंटमध्ये उणे ६० डिग्रीला थंड करून त्यात एमसीपीबीए नावाचा ऑक्सिडंट घातला तर ते गडद हिरवं झालं आणि मॉसबॉअर, ईपीआर वगैरे आयर्नची अवस्था ओळखणाऱ्या स्पेक्ट्रोस्कोपीच्या पद्धतींनी तपासल्यावर तो आयर्न पाच-ऑक्सो निघाला. सायन्समध्ये छापून आलं. यामुळे टॅमल कसं काम करतं यावर पुराव्यानिशी बोलता यायला लागलं.

हे सगळं पाणी साफ करण्याबद्दल झालं, ग्रीन सिंथेसिसचं काय?

प्रश्न रास्त आहे. टॅमलची सुरुवातीची प्रसिद्धी पेपरचा लगदा ब्लीच करणं, डायचं सांडपाणी, क्लोरोफिनॉल नष्ट करणं यातूनच झाली. २००२ च्या सायन्समधल्या पेपरमध्ये पेंटाक्लोरोफिनॉल आणि ट्रायक्लोरोफिनॉल काही मिनिटांत, साध्या तापमानाला मोडून दाखवलेत आणि त्यात डायॉक्सिन हे अतिविषारी रसायन तयार झालं नाही. त्या पेपरचे पहिले लेखक सायम सेन गुप्ता, तेव्हा कॉलिन्स यांचे पीएचडीचे विद्यार्थी. पुढे ते पुण्यात पाषाणला एनसीएलमध्ये आले आणि इथे गोष्ट सिंथेसिसकडे वळली.

त्यांच्या ग्रुपने बी-टॅमल घेतला, म्हणजे ज्याच्या शेपटीत बाययुरेट नावाचा नायट्रोजनवाला तुकडा आहे असा टॅमल, हा अ‍ॅसिडमध्ये जास्त टिकतो. २०१४ मध्ये त्यांनी आणि कॉलिन्स यांच्यासह इतर सहकाऱ्यांनी असा आयर्न पाच-ऑक्सो दाखवला जो रूम टेंपरेचरला टिकतो. उणे ६० वरून रूम टेंपरेचर! आणि तो सायक्लोहेक्झेनचा कार्बन-हायड्रोजन बाँडही तोडतो, ज्याची ताकद जवळपास ९९ किलोकॅलरी प्रति मोल आहे. जो रेणू टिकतोही आणि तिखटही आहे असा मिळणं अवघड, कारण एरवी यातलं एक वाढवलं की दुसरं कमी होतं.

सायक्लोहेक्झेन का महत्त्वाचं ते बघा. नायलॉनचा कच्चा माल त्यातूनच येतो. कारखान्यात ते हवेने, कोबाल्ट कॅटॅलिस्ट वापरून, दीडशे डिग्रीच्या आसपास ऑक्सिडाइज करतात आणि एका फेरीत फक्त पाच-दहा टक्क्यांच्या आतच रूपांतर होऊ देतात, कारण तयार झालेलं सायक्लोहेक्झेनॉल आणि सायक्लोहेक्झेनोन हे मूळ सायक्लोहेक्झेनपेक्षा लवकर ऑक्सिडाइज होतात, जास्त ओढलं तर प्रॉडक्टच जळून जातं. म्हणून उरलेलं नव्वद टक्के परत परत फिरवत बसायचं, त्यासाठी वाफ, वीज, डिस्टिलेशन. हवा तो बाँड हव्या त्या ठिकाणी तोडून तिथेच थांबणारा कॅटॅलिस्ट ही किती मोठी गरज आहे हे या एका उदाहरणावरून लक्षात यावं. बी-टॅमलने अजून नायलॉनचा कारखाना चालत नाही, तेवढं पुढे गेलेलं नाही, पण टर्शरी (तीन कार्बनना जोडलेल्या) कार्बनचा हायड्रोजन बाकीच्यांना सोडून निवडायचा, एवढी निवड त्याला जमते आणि मोठ्या, गुंतागुंतीच्या रेणूंवर एका विशिष्ट जागी ऑक्सिजन बसवायला हेच लागतं.

पण बी-टॅमलच्या या कामात एमसीपीबीए वापरतात, ते कुठलं ग्रीन?

बरोबर पकडलंत. एमसीपीबीएचे साधारण १७२ ग्रॅम घेतले तर त्यातले १६ ग्रॅम ऑक्सिजन कामाला येतो, म्हणजे नऊ टक्क्यांच्या आसपास, आणि बाकीचं क्लोरोबेंझोइक अ‍ॅसिड म्हणून उरतं ज्यात क्लोरीन आहे. मेकॅनिझम समजून घ्यायला ते सोयीचं आहे, त्यामुळे वापरतात, पण त्याला ग्रीन म्हणू नये.

म्हणूनच पुढचं काम मला जास्त महत्त्वाचं वाटतं. सेन गुप्ता नंतर कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत गेले आणि २०१७ मध्ये त्यांच्या ग्रुपने प्रकाश वापरून, रुथेनियमचा एक फोटोसेन्सिटायझर (प्रकाश शोषून रिअ‍ॅक्शन सुरू करणारा रेणू) घेऊन, बी-टॅमलला पाण्याकडूनच ऑक्सिजन घ्यायला लावलं, म्हणजे प्रॉडक्टमध्ये बसलेला ऑक्सिजनचा अणू पाण्याचा. त्यात इलेक्ट्रॉन स्वीकारायला कोबाल्टचा क्षार लागतो आणि रुथेनियमही आहेच, तेव्हा हिशोब अजून पूर्ण जुळलेला नाही. तरी दिशा पक्की आहे.

क्रिस्टिना व्हाइट यांचे कॅटॅलिस्ट हेच का?

नाही, पण नात्यातले म्हणता येतील. इलिनॉय युनिव्हर्सिटीत क्रिस्टिना व्हाइट आणि मार्क चेन यांनी २००७ मध्ये आयर्न-पीडीपी दिला. त्याचा सांगाडा प्रोलीन या अमिनो अ‍ॅसिडशी मिळत्याजुळत्या दोन रिंगांचा आणि दोन पिरिडीनचा, ऑक्सिडंट पेरॉक्साइडच, सोबत असेटिक अ‍ॅसिड. मलेरियावरचं आर्टेमिसिनिन त्यांनी नेमक्या एका जागी ऑक्सिडाइज करून दाखवलं, तेही त्यातला नाजूक पेरॉक्साइड पूल न मोडता. हे हीमपेक्षा हीम नसलेल्या आयर्न एन्झाइम्सच्या जास्त जवळ जातं. सिंथेसिस करणाऱ्याला आज उद्या वापरायला काय हवं असं विचारलंत तर मी आधी हे सुचवेन, टॅमल नाही.

ग्रीन आहे हे ठरवतं कोण? सगळेच आपल्या पेपरला ग्रीन म्हणतात.

म्हणतातच, आणि बऱ्याचदा सॉल्व्हंटच्या जागी पाणी घातलं की टायटलमध्ये ग्रीन येतं. रॉजर शेल्डन यांनी १९९२ मध्ये ई-फॅक्टर मांडला, एक किलो प्रॉडक्टमागे किती किलो कचरा. पेट्रोलियम रिफायनिंगमध्ये तो ०.१ च्या आसपास आणि औषधांमध्ये २५ ते १०० किंवा जास्त. म्हणजे आपण ज्याला सगळ्यात शुद्ध उद्योग समजतो तिथेच एका किलोमागे सगळ्यात जास्त कचरा निघतो. हा आकडा उपयोगी आहे पण कचऱ्याचं विष किती ते त्यातून कळत नाही.

कॉलिन्स यांचा आग्रह इथेच वेगळा आहे. त्यांचं म्हणणं असं की नवीन रेणू बनवणाऱ्या केमिस्टनेच, तो बाजारात जायच्या आधी, तो हॉर्मोन्समध्ये ढवळाढवळ करतो का ते बघायला हवं. त्यासाठी त्यांनी जीवशास्त्रज्ञ आणि टॉक्सिकॉलॉजिस्ट यांच्यासोबत टायपेड नावाची पायऱ्यापायऱ्यांची तपासणी मांडली, २०१३ मध्ये छापली, आणि आपल्या टॅमललाही सोडलं नाही. सात टॅमल झेब्राफिशच्या गर्भांवर तपासले. त्यातल्या काहींनी परिणाम दाखवला, पण तो प्रत्यक्ष वापरायच्या मात्रेपेक्षा बऱ्याच वरच्या मात्रेला. हेही त्यांनी लपवलं नाही, छापलं. गर्भनिरोधक गोळ्यांतलं इथिनिलइस्ट्राडायॉल पाण्यात राहिलं की नर मासे मादीसारखे व्हायला लागतात, टॅमल आणि पेरॉक्साइडने ते पाणी ट्रीट केल्यावर हा परिणाम घटतो का हेही माशांवरच तपासलं. फक्त एचपीएलसीवर (रेणू वेगळे करून मोजणारं यंत्र) त्या रेणूचा पीक गेला म्हणून काम झालं असं धरलं नाही, कारण पीक गेला तरी त्याच्या जागी काय आलं हे माहीत असावं लागतं.

फ्लोरीनची गोष्ट याच्याशीच जोडलेली आहे. वर लिहिलं ना की टिकाऊपणासाठी शेपटीत फ्लोरीन घातलं, ते कॅटॅलिस्ट भारी चालायचे, पण ऑर्गॅनोफ्लोरीन पर्यावरणात जाऊ देणं पटेना. म्हणून अमाइडच्या काही जागी सल्फोनामाइड घालून फ्लोरीन नसलेली नवी पिढी आणली, न्यूटॅमल, आणि २०१९ च्या पेपरात ती सविस्तर आली. हे न्यूट्रल पीएचच्या आसपासही चांगले चालतात, जुन्यांना अल्कली जास्त मानवायचं. चांगलं चालणारं डिझाइन केवळ पटत नाही म्हणून बाजूला ठेवणं हे लिहायला सोपं आहे, करायला नाही.

घरी किंवा कॉलेजमध्ये करून बघता येईल का?

टॅमल बनवणं घरी नाही, लिगँडच्या सिंथेसिसला नीट लॅब लागते. ३० टक्के पेरॉक्साइड कातडी जाळतं, त्याच्याशी ग्लोव्ह्ज, गॉगलशिवाय खेळू नका आणि क्लोरोफिनॉलला हात लावू नका.

पण कल्पना घरातही दिसते. खरचटल्यावर मेडिकलमधलं पेरॉक्साइड लावलं की फेस येतो, तो कॅटॅलेज या हीम एन्झाइममुळे, आयर्नच पेरॉक्साइड फोडून ऑक्सिजन सोडत असतं. कच्च्या बटाट्याच्या फोडीवर टाकलं तरी फेस येतो, उकडलेल्या बटाट्यावर येत नाही कारण एन्झाइम उलगडलेलं असतं. टॅमल डिझाइन करताना हा फेस म्हणजे तोटा, कारण पेरॉक्साइड काम न करताच वाया जातं.

इचलकरंजीसारख्या ठिकाणी डाइंगच्या सांडपाण्याला हे लावता येईल का?

तत्त्वतः हो, रंगाच्या रेणूंवर टॅमल चालतं हे वर दिलंच आहे आणि पंचगंगेची अवस्था बघता हा प्रश्न मनापासून विचारला जातो हे माहीत आहे. पण खऱ्या डाइंगच्या पाण्यात डायसोबत भरपूर मीठ, स्टार्च, सर्फॅक्टंट, धुण्याचा अल्कली असं सगळं असतं आणि त्यातलं बरंच काही पेरॉक्साइड खातं. अल्कली असणं टॅमलच्या बाजूचं आहे. मीठ मात्र टॅमलने जाणार नाही, कुठल्याच ऑक्सिडेशनने जाणार नाही, त्यासाठी वेगळीच प्रोसेस लागते. त्यामुळे कुणी एकाच बाटलीत सगळं सुटेल असं सांगत आलं तर त्याच्याकडे आधी तुमच्याच युनिटच्या पाण्यावरचा डेटा मागा, लॅबमध्ये बनवलेल्या डायच्या द्रावणावरचा नाही. रंग किती गेला यासोबत सीओडी (पाण्यातल्या ऑक्सिडाइज होणाऱ्या घाणीचं माप) किती उतरला आणि ट्रीट केलेल्या पाण्यात मासे जगतात का हेही विचारा.

बाजारात मिळतं का?

या कामातून निघालेली सुडॉक नावाची अमेरिकन कंपनी आहे, ती अशा अत्यल्प मात्रेच्या कॅटॅलिस्टवर क्लीनिंग आणि पाण्यासाठी प्रॉडक्ट बनवते. कॉलिन्स यांना या कामाबद्दल १९९९ मध्ये अमेरिकेचा प्रेसिडेन्शियल ग्रीन केमिस्ट्री चॅलेंज अवॉर्ड मिळाला होता. पुरस्कार आणि दुकानातली बाटली यांत इतकी वर्षं जातात हे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवलेलं बरं.

मला एमएस्सीनंतर यात काम करायचंय, काय शिकू?

इनऑर्गॅनिक की ऑर्गॅनिक असा वाद घालत बसू नका, दोन्ही लागतं. लिगँड बनवायचा म्हणजे चांगलं ऑर्गॅनिक सिंथेसिस, कॉलम, एनएमआर. पुढे कायनेटिक्स अगदी पक्कं हवं, स्टेडी स्टेट नुसतं पाठ नको, स्वतःच्या डेटावर लावता यायला हवं. ईपीआर आणि मॉसबॉअर वाचता आलं तर तुमची किंमत एकदम वाढते, कारण हे वाचणारे कमी आहेत. आणि जमेल तेव्हा टॉक्सिकॉलॉजीचा एक कोर्स करा, आपल्याकडे केमिस्ट्रीच्या सिलॅबसमध्ये तो जवळपास नसतोच, ऑनलाइन करावा लागेल. भारतात एनसीएल, आयसर आणि आयआयटींमध्ये बायो-इनऑर्गॅनिकचे चांगले ग्रुप आहेत. अर्ज करताना त्या ग्रुपचे शेवटचे दोन-तीन पेपर सप्लिमेंटरीसकट वाचून जा, कॅटॅलिस्ट कुठे मोडला हे बहुतेक तिथेच सापडतं, आणि इंटरव्ह्यूत त्यावरच प्रश्न विचारा.